किनार चौथ्या कोपऱ्यात जुळत नाही? आधी फरक किती घरांचा आहे ते मोजा

सॅम्पलरची, म्हणजे अक्षरं आणि नक्षी फुलीच्या टाक्याने भरलेल्या कापडाची, तीन बाजूंची वेलीची किनार भरून झालेली असते. चौथी बाजू कोपऱ्याकडे सरकत येते, वेलीचं शेवटचं पान भरायचं उरतं आणि तिथे लक्षात येतं की जागा एका घराने, म्हणजे कापडावरच्या एका चौकोनाने, कमी पडतेय. कधी एका घराने जास्त. चार-पाच महिन्यांचं काम मांडीवर असतं आणि ती एवढीशी फट काही केल्या नजरेआड होत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे गल्लीतल्या मुली आणि त्यांच्या आया भरतकामाला बसतात. दर वर्षी कुणाची ना कुणाची किनार अशीच अडते. "ताई, कोपरा जुळेना, काय करू?" असं कुणी विचारतं तोवर बहुतेक वेळा तिने कोपऱ्याजवळच्या वीस-पंचवीस फुल्या उसवून परत भरलेल्या असतात आणि परत तेच झालेलं असतं. होणारच, कारण चूक त्या कोपऱ्यात नसतेच. कोपऱ्यात ती फक्त दिसते.

माझी मोठमाय गोधड्या शिवायची. धावदोऱ्याची ओळ कडेला येऊन तिरकी दिसली की ती कडेकडे बघायचीच नाही. गोधडी उलगडून मधोमध हात फिरवायची आणि म्हणायची, "अवं, आठे नही, मांगे चुकेल शे." इथे नाही, मागे चुकलंय. क्रॉस स्टिच तिने कधी केलं नाही, पण फुलीच्या टाक्याला हेच लागू पडतं. म्हणून पहिली विनंती: कोपरा जुळला नाही की कात्री खाली ठेवा. आधी मोजायचं, मग शोधायचं, उसवायचं की नाही ते सगळ्यात शेवटी ठरवायचं.

फरकाचा आकडाच कारण सांगतो

कोपऱ्यात नेमकी किती घरं कमी किंवा जास्त आहेत ते सुईच्या टोकाने मोजा. अंदाजाने "थोडंसं" म्हणू नका. एक, दोन, तीन, दहा, जो आकडा येईल तो कागदावर लिहा.

फरक एका घराचा असेल तर दहातल्या आठ वेळा मला एकच कारण सापडलं आहे: घरांऐवजी भोकं मोजली गेली. शेताच्या कुंपणाला दहा गाळे असले तर खांब अकरा लागतात, तसंच आयडा कापडावर (फुलीच्या टाक्यासाठी घरं आणि भोकं विणलेलं तयार कापड) दहा घरांना अकरा भोकं असतात. ग्राफवर, म्हणजे नक्षीच्या चौकोनी कागदावर, लिहिलेलं असतं, वेलीचं पुढचं पान सात घरं सोडून. भरताना सुई ज्या भोकातून शेवटची खाली गेली तेच भोक आपण "एक" म्हणून मोजतो, सातव्या भोकातून सुई वर काढतो आणि मधे सहाच घरं सुटतात. डोळ्याला सहा आणि सातातला फरक कळत नाही. कळतो तो आठवड्यांनी, चौथ्या कोपऱ्यात.

याचाच थोरला भाऊ म्हणजे दोन पानांमधल्या प्रत्येक फटीत तीच चूक. बाजूवर चौदा फटी आहेत आणि फरकही चौदा घरांचा आला, तर एखाद्या जागी चुकलेलं नाही, मोजायची पद्धतच चुकली आहे. अशा वेळी शोधाशोध करण्यात वेळ घालवू नका. सगळ्या फटी सारख्याच लहान झालेल्या असतात आणि दिसायला किनार सुंदर दिसते. समोरची बाजूही त्याच मापाने भरा.

फरक दोन किंवा तीन घरांचा असेल तर ग्राफची पानं बघा. मोठा ग्राफ तीन-चार पानांवर छापलेला असतो आणि दुसऱ्या पानाच्या कडेला आधीच्या पानाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी फिकट करड्या रंगात परत छापलेल्या असतात. पानं कशी जोडायची ते कळावं म्हणून त्या असतात, भरण्यासाठी नसतात. झेरॉक्स काढली की तो करडा रंग निघून जातो आणि त्या ओळी इतर ओळींसारख्याच दिसू लागतात. मग त्या दोनदा भरल्या जातात. रावेरच्या माझ्या वहिनीने अख्खी उजवी बाजू अशी तीन घरांनी लांब भरली होती. मूळ पान आणि झेरॉक्स शेजारी ठेवली तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला.

फरक बरोबर दहाचा असेल तर ग्राफवरचा जाड रेघांचा एक चौकोन सुटला आहे किंवा दोनदा भरला गेला आहे. ही चूक मोबाइलवर ग्राफ मोठा करून बघणाऱ्यांची जास्त होते, कारण बोटाने पडदा सरकवला की आपण कुठल्या चौकोनात होतो ते हरवतं. दहाची चूक सापडायला सोपी असते. एवढी मोठी फट किंवा एवढी गर्दी नुसत्या नजरेनेही दिसते.

आणि लांबी बरोबर येते, पण शेवटचं पान कोपऱ्याच्या एक ओळ वर किंवा खाली येतं, असं झालं असेल तर मोजणी चुकलेली नाही, ओळ घसरली आहे. ती ओळखायला एक फिक्या रंगाचा शिवणाचा दोरा घ्या आणि पहिल्या कोपऱ्यातल्या भोकांच्या ओळीतून लांब लांब धावदोरा घालत चौथ्या कोपऱ्यापर्यंत जा. दोरा कापडाच्या विणीबरोबर चालतो, तो खोटं बोलत नाही. ज्या पानापाशी किनार दोऱ्याला सोडून वर चढते, तिथेच घसरलेलं असतं.

मॅटीवर काम करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे अजून कितीतरी जणी मॅटीवरच, म्हणजे धाग्यांच्या जुडग्यांनी विणलेल्या साध्या कापडावरच, भरतात. आयडापेक्षा ती स्वस्त पडते, तालुक्याच्या गावातही मिळते आणि धुऊन मऊ पडते. मला मॅटी आवडते. पण तिची एक गोष्ट माहीत हवी. आयडावर १४ काउंट म्हणजे इंचात १४ घरं, उभी आणि आडवी सारखीच. मॅटीत तसं असेलच असं नाही. उभ्या धाग्यांची आणि आडव्या धाग्यांची संख्या बऱ्याचदा वेगळी असते.

कापड घेतलं की आधी पट्टी ठेवून दोन्ही दिशांनी एका इंचात किती घरं बसतात ते मोजा. समजा आडवी ११ आली आणि उभी १०. मग ११० घरांचा चौकोन आडवा १० इंच होईल आणि उभा ११ इंच. घरं मोजून भरलं तर किनार जुळेल, पण गोल फूल लांबुळकं दिसेल. पट्टीने पेन्सिलची चौकट आखून मग भरायला घेतलं तर किनार जुळणारच नाही, आणि बिचारी पोरगी मोजणी परत परत तपासत बसेल. मॅटीवर चौकट कधीही आखू नका, मोजा. नक्षीत गोल किंवा चौकोन असेल तर कापड कुठल्या दिशेने धरायचं ते आधी ठरवा. झाडं, मोर, उभी वेल जरा लांबुळकी झाली तर चांगलीच दिसते.

मॅटीवर अजून एक होतं. आयडासारखी ठसठशीत भोकं नसतात, म्हणून टोकदार सुई धाग्यांच्या जुडग्याच्या मधोमध घुसते आणि अर्ध्या घराची चूक होते. त्यावर उपाय बोथट टोकाची सुई, एवढाच. १४ काउंटच्या आयडाला २४ नंबरची, त्याहून बारीक कापडाला २६ नंबरची बरी पडते. ही सुई धागा फोडत नाही, भोक शोधून जाते.

चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचं कसं

इथे घाई केली की सगळं वाया जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केळीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली की घरचे लोक पहिल्या झाडापासून एकेक ड्रीपर तपासत जात नाहीत. नळीच्या मध्यावर जाऊन बघतात. तिथे पाणी येतंय, म्हणजे अडथळा पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा मध्य. चार-पाच ठिकाणी वाकलं की कचरा हाती लागतो. किनारीतली चूक अशीच शोधायची.

गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझी भाची माहेरपणाला आली, तेव्हा तिचा सॅम्पलर बरोबर घेऊन आली होती. मधे मराठी मुळाक्षरं, खाली एक कौलारू घर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केळीची झाडं, चारी बाजूंनी हिरव्या पानांची वेल. रुंदी १२० घरं, उंची १६०. वेलीचं एक पान आठ घरांत बसणारं, म्हणजे रुंदीत १५ पानं आणि उंचीत २०. हिशेब चोख होता. तरी खालच्या बाजूची वेल कोपऱ्यात एक घर ओलांडून जात होती. तिने तो कोपरा तीनदा उसवला होता. तिथलं कापड तुसाने हिरवट झालं होतं आणि भोकं विस्फारली होती.

आम्ही सॅम्पलर पलंगावर पसरला. पहिल्यांदा खालच्या बाजूला दहा-दहा घरांवर टाचण्या लावून मोजलं. बरोबर १२० भरली. म्हणजे जी बाजू उसवणं चाललं होतं ती निर्दोष होती. मग वरची बाजू. कापडाची मधली घडी अजून दिसत होती. घडीपासून डावीकडे ६० घरं, उजवीकडे ५९. चूक वर, उजव्या अर्ध्यात. घडीपासून ३० घरांवर टाचणी लावली आणि ग्राफशी पडताळलं: तिथे जो देठ असायला हवा तो होता. म्हणजे चूक त्याच्याही पुढे. मग ४५ वर टाचणी. इथे देठ एक घर अलीकडे आलेला. मग ३८ वर, तिथे बरोबर. ३८ आणि ४५ च्या मधे एकच फट होती, तेराव्या आणि चौदाव्या पानामधली. तिथे एक घर कमी सुटलं होतं. शोधायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. भाचीला आठवलं की ती पानं भरताना लाईट गेली होती आणि तिने मोबाइलच्या उजेडात काम पुढे नेलं होतं.

तुमची बाजू लांब असेल तर टाचण्या जास्त लागतील, पण पद्धत हीच. ज्या बाजूवर चूक दिसते तिच्या समोरची बाजू आधी मोजा. चौकट बंद होण्यासाठी वरची बाजू खालच्या एवढी आणि डावी उजवी एवढी असावी लागते, त्यामुळे एका बाजूची चूक समोरच्या बाजूच्या शेवटी जाऊन बोलते.

उसवायचं की सांभाळून घ्यायचं

ओळ घसरली असेल तर उसवायलाच हवं. घसरलेली ओळ कशानेही लपत नाही, फ्रेम केल्यावर तर जास्तच दिसते.

फट लहान-मोठी झाली असेल आणि त्यानंतर एक-दोन बैठकींचंच काम झालं असेल, तरीही उसवा. पण त्यानंतर दोन-तीन बाजू भरून झाल्या असतील तर मी उसवू देत नाही. वरच्या बाजूला तेराव्या आणि चौदाव्या पानात एक घर कमी आहे ना? मग खालच्या बाजूलाही बरोबर त्याच जागी एक घर कमी करा. दोन्ही बाजू ११९ झाल्या, चौकट काटकोनात बंद झाली. वर-खाली एकाच रेषेत सारखी फट आली की बघणाऱ्याला ती नक्षीचाच भाग वाटते. आतली अक्षरं मध्यापासून अर्ध्या घराने सरकल्यासारखी होतात, म्हणजे १४ काउंटवर एक मिलिमीटरही नाही. भाचीने हेच केलं. तिच्या आईने फ्रेम भिंतीवर लावली तेव्हा मी मुद्दाम लांबून, जवळून बघितलं. मला माहीत असूनही ती जागा शोधावी लागली.

एक मात्र तपासा: किनारीच्या आतल्या अंगाला एखादी नक्षी अगदी एक-दोन घरांवर आली असेल तर सरकलेली वेल तिला जाऊन टेकेल. तसं होत असेल तर फट त्या नक्षीपासून दूर सरकवा.

उसवताना ओढायचं नाही, हे मी प्रत्येकीच्या कानीकपाळी ओरडून सांगते. लांब दोरा भोकाभोकांतून मागे ओढला की तो कापड घासतो, तूस सोडतो आणि शेजारच्या चांगल्या फुल्याही ढिल्या करतो. लहान टोकदार कात्रीने पुढच्या बाजूने, दर चार-पाच फुल्यांवर, फुलीचा वरचा पाय कापा. मग कापड उलटं करून सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने तुकडे उचकटून काढा. राहिलेलं तूस चिकटपट्टी हलक्या हाताने दाबून उचला. विस्फारलेल्या भोकांवर पाण्याचा हात फिरवा आणि चमच्याच्या पाठीने उभं-आडवं घासा, वीण परत जवळ येते. उसवलेला दोरा परत वापरू नका, त्याचा पीळ गेलेला असतो आणि त्याने भरलेली फुली मलूल दिसते.

कात्री चुकून कापडाला लागली तरी धीर सोडू नका. कापडाच्या मोकळ्या कडेचा एक धागा काढा, सुईत ओवा आणि तुटलेल्या धाग्याच्या जागी, तो जसा वर-खाली जात होता तसाच विणत दोन्ही बाजूंना दहा-बारा घरं पलीकडे न्या. वरून फुल्या भरल्या की काही कळत नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक हिचा सॅम्पलर आहे. त्यावर १५९८ हे साल भरलेलं आहे आणि साल घातलेल्या ब्रिटिश सॅम्पलरांमध्ये तो सगळ्यात जुना मानतात. १५९६ साली जन्मलेल्या ॲलिस ली या मुलीची नोंद तिने त्यावर अक्षरांत भरली आहे. त्या कापडावरही काही आकृत्या भरून मग उसवल्याच्या खुणा दिसतात. मुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण उसवायची वेळ आली की काही जणी सुई खाली ठेवतात ती परत उचलतच नाहीत.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे धावदोऱ्याची जाळी. भरायला सुरुवात करण्याआधी अख्ख्या कापडावर दर दहा घरांवर उभा आणि आडवा धावदोरा घाला, ग्राफवरच्या जाड रेघांसारखा. दोरा एकपदरी आणि फिक्या रंगाचा घ्या. गडद दोरा निघताना रंगीत तूस मागे ठेवतो. मासे पकडायचा बारीक नायलॉनचा दोरा मिळाला तर उत्तमच, सुई त्याला फोडून आरपार जात नाही, त्यामुळे शेवटी तो अलगद निघतो. जाळीला एक संध्याकाळ जाते. १२० बाय १६० च्या सॅम्पलरला १३ उभ्या आणि १७ आडव्या रेघा. त्यानंतर जास्तीत जास्त दहापर्यंतच मोजावं लागतं आणि चूक झालीच तर ती त्याच चौकोनात उघडी पडते.

पाण्याने जाणाऱ्या पेनाने आखायची सवय असेल तर आपल्या भागात जपा. ही शाई उष्णतेने पक्की होते. म्हणून इस्त्रीआधी ती गार पाण्याने पूर्ण धुवायची असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दिवसांत काम पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत ठेवून गेलात तर शाईचा भरवसा नाही. मी उन्हाळ्यात पेन वापरतच नाही.

स्वतः ग्राफ काढणार असाल तर किनारीपासून सुरुवात करा, आतल्या नक्षीपासून नको. एका पानाची घरं किती ते ठरवा आणि बाजूची लांबी त्या आकड्याने पूर्ण भाग जाईल अशी घ्या. आठच्या पानाला ११८ घेतलीत तर चौदा पानं बसून सहा घरं उरतील आणि ती कुठे घालायची हा घोर शेवटपर्यंत लागेल. भरतानाही एक बाजू संपवून दुसरी, असं न करता चारी बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे या. मधल्या घडीवर चार टाचण्या आधीच लावून ठेवा.

देवनागरी अक्षरांचं एक सांगायला हवं, कारण इंग्रजी सॅम्पलरच्या ग्राफावरून आपली अक्षरं बसवायला गेलं की हमखास ओळी एकमेकींवर चढतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एकाच उंचीत बसतात. आपल्या क ते ळ ३४ अक्षरांनाही नुसतं भरायचं तर फारशी अडचण नाही. क्ष आणि ज्ञ धरून ३६ होतात, सहा ओळींत सहा-सहा छान बसतात. एका अक्षराला ११ घरं आणि मधे ३ घरं सोडली तर ओळ ८१ घरांची होते, १२० च्या चौकटीत दोन्हीकडे ऐसपैस जागा उरते. पण खाली घराचं नाव किंवा गावाचं नाव भरायचं असेल तर शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वारासाठी चार घरं आणि अक्षराच्या खाली उकारासाठी चार घरं मोकळी सोडावीच लागतात. ही जागा विसरली की माणसं शेवटी किनार खाली ढकलतात, आणि उभ्या बाजूची मोजणी तिथेच बिघडते. शिरोरेषा सलग एका ओळीत भरून घ्या आणि अक्षरं तिला खाली लटकवत न्या. नाव सरळ येतं आणि भरताना फार आनंद होतो. मुली आपलं नाव असं शिरोरेषेखाली उतरताना बघतात तेव्हा मान वर करत नाहीत.

कापड घेताना हात आखडू नका. १४ काउंटवर १२० बाय १६० ची नक्षी साधारण साडेआठ बाय साडेअकरा इंच होते. चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडून १५ बाय १८ इंच कापड हवंच. कडा आधी दुमडून कच्च्या शिवा, नाहीतर महिनाभरात धागे सुटून मोकळी कड निम्मी होते.

आपल्या घरातल्या दोन खास अडचणी

केळीचा चीक. आमच्याकडे श्रावणात वेफर्ससाठी कच्ची केळी सोलली जातात. चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, हाताला लागलेला कळतही नाही. त्याच हाताने भरतकामाची रिंग उचलली तर त्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापडावर तपकिरी बोट उमटतं, मग काळपट होतं आणि धुऊन जात नाही. माझ्या एका पांढऱ्या आयडावर अंगठ्याचा असा ठसा आहे. त्यावर मी पुढे एक चिमणी भरली. केळी सोलल्या दिवशी भरतकाम बंद, हा आता घरचा नियम आहे. उन्हाळ्यात घामाचंही तसंच: रिंगच्या कडेला पिवळा गोल पडतो. आतल्या रिंगला जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळा आणि बैठक संपली की रिंग काढून ठेवा, रात्रभर लावून ठेवू नका.

लाल रंग फुटणं. शेजारच्या काकूंनी कानबाईसाठी, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणासाठी, क्रॉस स्टिचचं तोरण केलं होतं. कानबाई रविवारी बसायची, त्यांनी शनिवारी रात्री ते कोमट पाण्यात भिजवलं आणि लाल रंग पांढऱ्या कापडावर पसरला. त्या रडवेल्या होऊन तोरण वाळत घालायला निघाल्या होत्या, तेवढ्यात मला हाक मारली हे बरं झालं. रंग फुटलेलं कापड वाळू द्यायचं नाही, वाळलं की डाग धरतो. नळाखाली गार पाणी सोडून धरायचं, मग पसरट टोपात गार पाणी आणि सौम्य लिक्विड साबण घालून बुडवायचं, पाणी गुलाबी झालं की बदलायचं. आम्ही रात्री साडेअकरापर्यंत नऊ वेळा पाणी बदललं. नवव्या वेळी टोपाचा तळ स्वच्छ दिसला. तोरण टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं, पिळलं नाही, आणि सकाळी रोटांच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) आधी दारावर लागलं. मीठ आणि व्हिनेगरने रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर माझा भरवसा नाही. लाल, मरून आणि गडद निळ्या लडीचा एक तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा, फडक्याला रंग लागला तर ती लडी पांढऱ्या कापडावर घेऊच नका.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. त्यात वडीचा साबण लावला की फेस होत नाही, पांढरट थर बसतो आणि काळा दोरा राखाडी दिसू लागतो. म्हणून साबण लिक्विडच घ्या आणि शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात करा, दोन लिटर पुरतं. इस्त्री ओलसर असताना, जाड टॉवेलवर सॅम्पलर पालथा घालून, उलट्या बाजूने. फुल्या टॉवेलमध्ये रुततात आणि चपट्या होत नाहीत.

आत्ता ज्यांचा कोपरा अडलेला आहे त्यांनी कापडाचा उजेडात काढलेला फोटो, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंची मोजलेली घरं आणि एका पानाची घरं, एवढं लिहून ठेवा. हे तीन आकडे समोर असले की चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते बहुतेकदा टाचणी लावायच्या आधीच कळतं.